सेरी आचा अख्खा हंगाम कसा बघायचा: गुणतक्ता खालून वर वाचत

२७ जानेवारी २०१९ला मी पहिल्यांदा बोलोन्याच्या दाल्लारा स्टेडियममध्ये सेरी आचा, म्हणजे इटलीतल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा, सामना बघायला गेले. समोर फ्रोझिनोने होती, आमच्यासारखीच तळात अडकलेली टीम. बोलोन्या घरच्या मैदानावर ०-४ हरली. लोक शिट्ट्या मारत, ओरडत बाहेर पडले. माझ्या शेजारच्या बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक छोटी चौकटीची वही काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, "एकवीस झाले. सतरा राहिले."

दुसऱ्या दिवशी कोचला काढलं. सिनिशा मिहायलोविच आले. पुढच्याच रविवारी त्यांच्या टीमनं सान सिरोवर, म्हणजे इंटरच्या मैदानावर जाऊन इंटरला १-० हरवलं. एकवीस सामन्यांत जेमतेम १४ गुण मिळवणाऱ्या त्याच टीमनं उरलेल्या सतरा सामन्यांत ३० गुण मिळवले आणि हंगामाअखेर ती दहावी आली. त्या बाई मला काय सांगत होत्या, ते मे महिन्यात कळलं.

मी बोलोन्यात शिकायला आले होते आणि मग नोकरीसाठी इथेच राहिले. २०२४-२५पर्यंतचे सात हंगाम माझ्या वह्यांत आहेत. नव्यानं सेरी आ बघू लागलेले ओळखीचे लोक (इथे 'ए' नाही, 'आ' म्हणतात) मला विचारतात की मोठे सामने कोणते, कोणते चुकवायचे नाहीत. माझं उत्तर त्यांना आवडत नाही. मोठे सामने बघून हंगाम कळत नाही. एक टीम धरायची, तिच्याबरोबर अडतीस आठवडे चालायचं आणि तक्ता खालून वर वाचायचा. हे कसं करायचं तेच इथे सांगते.

नियम थोडक्यात. वीस टीम, प्रत्येकीशी दोनदा सामना, एकदा घरी आणि एकदा बाहेर, म्हणजे ३८ फेऱ्या. फेरीला इथे 'जोर्नाता' म्हणतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. पहिल्या येणाऱ्याला 'स्कुदेत्तो', म्हणजे पुढच्या वर्षी जर्सीवर लावायची तिरंगी ढाल. पहिल्या चार टीम युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला, चॅम्पियन्स लीगला जातात. त्याखालच्या, बाकीच्या युरोपीय स्पर्धांच्या जागा कोणाला मिळणार, ते कोप्पा इतालिया (इटलीची बाद पद्धतीची स्पर्धा) कोण जिंकतं यावरही ठरतं. शेवटच्या तीन टीम सेरी बेमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये उतरतात. एवढं पुरे, बाकीचं ओघात येईल.

टीम धरताना

जिथे राहता तिथली टीम असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर माझा सल्ला असा, की पहिल्या हंगामासाठी तक्त्यात बाराव्या ते सतराव्या जागेची टीम निवडा, नाहीतर सरळ 'नेओप्रोमोस्सा', म्हणजे सेरी बेमधून नुकतीच वर आलेली. युव्हेंटस, इंटर, मिलान किंवा नापोलीच्या चाहत्याला वर्षातले पंचवीस सामने 'जिंकायलाच हवे होते' असे वाटतात. तळातल्या टीमच्या चाहत्याला परक्या मैदानावरचा ०-० सुद्धा पंधरा दिवस पुरतो. त्याला एका गुणाची किंमत कळते, आणि हा सगळा खेळ एकेका गुणाचाच आहे. २०२४-२५मध्ये नापोली ८२ गुणांवर पहिली आली, इंटर ८१वर दुसरी.

खेळाडू बघून टीम धरू नका. जानेवारीत तो विकला जाऊ शकतो. त्याच हंगामात नापोलीचा क्व्हारात्सखेलिया अर्ध्या वाटेत पॅरिसला गेला, तेव्हा नापोली जेतेपदाच्या शर्यतीत होती.

वही

ॲपमध्ये सगळं मिळतं, तरी वही ठेवा. बोटांनी लिहिलेला आकडा डोक्यात राहतो. इथे शाळकरी मुलांची चौकटीची वही मिळते, ती या कामाला फार सोयीची.

डाव्या पानावर तुमच्या टीमच्या ३८ ओळी: फेरी, घर की बाहेर, समोर कोण, निकाल, एकूण गुण. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो लाल पेनानं: अठराव्या जागेपासूनचं अंतर. अठरावी टीम म्हणजे 'तेर्त्सुल्तिमा', शेवटून तिसरी, बुडणाऱ्यांतली सगळ्यात वरची. इटलीतला तळातला चाहता आपली टीम कितवी आहे हे सांगत नाही. तो सांगतो, "तेर्त्सुल्तिमापेक्षा तीननं वर." टीम हरली तरी हा आकडा तसाच राहू शकतो आणि जिंकली तरी तो वाढेलच असं नाही. म्हणूनच इतरांचे सामने आपोआप तुमचे होतात. लेच्चे-एम्पोली हा सामना जगात कोणालाच बघायचा नसतो, असं वाटेल. तुमच्या टीमचं अंतर दोन असेल, तर त्या नव्वद मिनिटांत तुमचाही जीव टांगणीला लागतो.

उजव्या पानावर तळातल्या सहा टीम. त्यांचे फक्त आपसांतले सामने लिहा. यांना 'स्कोन्त्री दिरेत्ती' म्हणतात, समोरासमोरच्या लढती. त्यांचं वजन दुप्पट असतं. एक तर तुम्ही तीन गुण कमावता आणि ते दुसऱ्याला मिळत नाहीत. दुसरं म्हणजे गुण सारखे झाले की इटलीत आधी एकूण गोलफरक बघत नाहीत, आपसांतले निकाल बघतात. माझ्या पहिल्याच हंगामात शेवटी जेनोआ आणि एम्पोली दोघांचे ३८ गुण झाले. जेनोआनं एम्पोलीला दोन्ही वेळा हरवलं होतं, म्हणून जेनोआ राहिली आणि एम्पोली खाली गेली. ऑगस्ट आणि जानेवारीतल्या त्या दोन निकालांनी मेमधला फैसला केला होता. माझ्या वहीत ते नव्हते, मला ते मागाहून शोधावे लागले.

२०२२-२३पासून नियम थोडा बदलला. पहिल्या जागेसाठी किंवा सतराव्या-अठराव्या जागेसाठी गुण सारखे झाले, तर आता जादा सामना खेळवतात, 'स्पारेज्जो'. पहिल्याच वर्षी वेळ आली: ११ जून २०२३, रेज्जो एमिलिया, व्हेरोना विरुद्ध स्पेत्सिया. अख्ख्या वर्षाचे ३८ सामने एकीकडे आणि ही एक संध्याकाळ दुसरीकडे. व्हेरोना ३-१ जिंकली. मधल्या जागांसाठी मात्र आपसांतल्या निकालांचाच नियम अजून लागू आहे.

ऑगस्ट पेन्सिलीनं लिहा

हंगाम ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो, पण खेळाडूंचा बाजार, 'मेर्कातो', ऑगस्टअखेरपर्यंत उघडा असतो. म्हणजे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जी टीम दिसते, ती खरी टीम नसते. १८ ऑगस्ट २०२४ला कोच आंतोनियो कोन्तेंची नापोली पहिल्याच सामन्यात व्हेरोनात ०-३ हरली. आदल्या हंगामात ती दहावी आलेली, त्यात हा मार. तेव्हा बारमध्ये जो तो नापोलीवर फुली मारत होता. महिनाअखेर लुकाकू आणि मॅकटॉमिने आले. २३ मे २०२५ला नापोलीनं कालियारीला २-० हरवून स्कुदेत्तो जिंकला, आणि ते दोन गोल मॅकटॉमिने आणि लुकाकूचे होते. पहिल्या दिवशी हे दोघं टीममध्येच नव्हते.

म्हणून सप्टेंबरची पहिली 'सोस्ता' येईपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय संघांसाठी लीग थांबते तोवर, पेन्सिल वापरा आणि मत बनवू नका. दहाव्या फेरीनंतर तक्ता बोलायला लागतो.

वेळापत्रक उन्हाळ्यातच जाहीर होतं. ते मिळालं की आधी सोस्तांवर आडव्या रेघा मारा: सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि मार्च. सोस्तेच्या आधी हरलेली टीम दोन आठवडे त्या पराभवासोबत राहते, आणि कोचला काढायचं असेल तर मालक बहुधा हाच मुहूर्त धरतात. मग आपल्या टीमचे सलग अवघड सामने कुठे येतात ते बघा. पूर्वी पहिल्या एकोणीस फेऱ्यांचाच क्रम दुसऱ्या एकोणीसांत परत यायचा. २०२१-२२पासून तसं नाही, परतीच्या फेऱ्यांचा क्रम वेगळा असतो. शेवटच्या चार सामन्यांत समोर कोण आहे, हे ऑगस्टमध्येच वेगळ्या रंगानं लिहून ठेवा. एप्रिलमध्ये त्या पानाशी परत यावं लागतं.

तक्त्यातली चांदणी

गुणतक्त्यात कधीकधी टीमच्या नावापुढे चांदणी दिसते. याचा अर्थ एक सामना बाकी आहे. नवे लोक चांदणी न बघताच तक्ता वाचतात आणि फसतात.

ऑक्टोबर २०२४मध्ये एमिलिया-रोमान्यात पूर आला, बोलोन्या शहरातही पाणी शिरलं आणि २६ तारखेचा बोलोन्या-मिलान सामना पुढे ढकलला गेला. तो खेळला गेला २७ फेब्रुवारी २०२५ला. आम्ही २-१ जिंकलो. चार महिने त्या ओळीवर माझ्या वहीत नुसती चांदणी होती. आणि या चार महिन्यांत दोन्ही टीम बदलल्या होत्या, मिलानचा तर कोचही. ऑक्टोबरचा सामना फेब्रुवारीत खेळला की तो तोच सामना राहत नाही.

१ डिसेंबर २०२४ला फिओरेन्तिना-इंटर सामन्यात सतराव्या मिनिटाच्या सुमारास एदोआर्दो बोव्हे मैदानातच कोसळला. तो वाचला, हे आधी सांगते. सामना तिथेच थांबला आणि ६ फेब्रुवारीला थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. फिओरेन्तिना ३-० जिंकली. चारच दिवसांनी त्याच दोन टीम सान सिरोवर पुन्हा समोरासमोर आल्या आणि इंटर २-१ जिंकली. २१ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, पोप फ्रान्सिस गेले आणि त्या दिवशीचे सामने दोन दिवस पुढे गेले. वहीत एक उभा रकाना अशा चांदण्यांसाठी मोकळा ठेवा.

'चाळीस गुण म्हणजे बचावलो' असं इथे म्हणतात. त्यावर विसंबू नका. २०१८-१९मध्ये एम्पोली ३८ गुण मिळवून बुडाली आणि २०२४-२५मध्ये लेच्चे ३४ गुणांवर तरली. सुरक्षेचा आकडा दर वर्षी तळातल्या टीमच ठरवतात. म्हणूनच लाल रकान्यात अंतर लिहायचं.

आठवडा कसा जातो

सामना संपला तरी तो बुधवारपर्यंत चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात 'पाजेल्ले' येतात, प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण. ६ म्हणजे पास. ७ मिळाले की त्या खेळाडूची आई कात्रण ठेवत असेल असं मला वाटतं. आमच्या खालच्या बारमध्ये गाझेत्ता देल्लो स्पोर्त हा गुलाबी क्रीडा-पेपर आइस्क्रीमच्या फ्रीजरवर उघडा पडलेला असतो. त्याच्या कोपऱ्यांवर कॉफीच्या कपांचे गोल डाग, आणि पाजेल्लेंच्या रकान्यात कोणीतरी बॉलपेननं स्वतःचे गुण लिहिलेले. एका सोमवारी आमच्या गोलकीपरच्या ५ वर काट मारून ६.५ केलेले होते, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात ४. भाषा शिकायला मला याच्याइतका चांगला क्लास मिळाला नाही. तुम्हीही आधी स्वतः गुण द्या, मग पेपरातले बघा. कुठे दोनचा फरक पडला, तिथे सामन्याचा तो भाग परत बघा. बहुतेक वेळा चेंडू नसताना तो खेळाडू काय करत होता, ते आपण पाहिलेलंच नसतं.

मंगळवारच्या सुमारास 'ज्युदिचे स्पोर्तीव्हो'चे निर्णय येतात, कोणाला किती सामन्यांची बंदी. पाचवं पिवळं कार्ड म्हणजे एक सामना बाहेर. चार कार्डं झालेल्याला 'दिफ्फिदातो' म्हणतात. आपल्या टीमच्या दिफ्फिदातींची नावं वहीत लिहून ठेवा, आणि शनिवारी तो बचावपटू अंग राखून का खेळला याचं उत्तर मिळेल: पुढच्या आठवड्यात स्कोन्त्रो दिरेत्तो आहे. सामन्याच्या आधी रेफरींची नावं जाहीर होतात आणि आदल्या दिवशी कोचची पत्रकार परिषद. कोचला इथे सगळे 'मिस्टर' म्हणतात. त्या परिषदेत जखमी खेळाडूंबद्दलची वाक्यं तेवढी नीट ऐका, बाकी सोडून दिलं तरी चालेल.

सामने शुक्रवार रात्रीपासून सोमवार रात्रीपर्यंत पसरलेले असतात. रविवारी दुपारी साडेबाराला, मग तीनला, सहाला आणि पावणेनऊला. सगळे बघायचा अट्टाहास करू नका. महिन्याभरात थकाल आणि डिसेंबरात सोडून द्याल, असे बरेच जण मी पाहिले आहेत. माझा नेम असा: आपल्या टीमचा सामना पूर्ण, तळातला एक सामना पूर्ण, बाकी रेडिओवर. 'तुत्तो इल काल्चो मिनुतो पेर मिनुतो' हा 'राई' या इटलीच्या सरकारी प्रसारण संस्थेचा कार्यक्रम १० जानेवारी १९६०पासून चालू आहे. एका मैदानावरचा निवेदक बोलत असतो आणि मध्येच दुसऱ्या मैदानावरचा त्याला तोडतो, कारण तिथे गोल झाला. मागचा जल्लोष आधी ऐकू येतो, मैदान कोणतं ते नंतर कळतं. त्या एका सेकंदात अख्खा तक्ता डोळ्यांपुढून जातो. हे चित्रात मिळत नाही.

मित्रांबरोबर फान्ताकाल्चो, म्हणजे फँटसी फुटबॉल, खेळायचं का, असं विचारतात. खेळा, लहान टीमच्या खेळाडूंची नावं त्यानं पाठ होतात. पण तुमच्या फान्ताकाल्चोतला स्ट्रायकर तुमच्याच टीमवर गोल मारतो तेव्हा मन दुभंगतं. मी दोन वर्षांनी सोडलं.

स्टेडियममध्ये जायचं असेल तर

तिकिटावर तुमचं नाव छापलेलं असतं आणि गेटवर ते ओळखपत्राशी ताडून बघतात. एकदा एका दुसऱ्या शहरात मी मैत्रिणीच्या नावाचं तिकीट घेऊन गेले. तिला ताप आला होता. नाव बदलून घेता येतं, त्याला 'काम्बियो नोमिनातिव्हो' म्हणतात, पण ते आधी करावं लागतं, आणि मी केलं नव्हतं. दोन तास रेल्वेनं जाऊन भिंतीबाहेर उभं राहून आवाजावरून सामना ऐकला. तुम्ही ही चूक करू नका. पाहुण्या टीमच्या चाहत्यांची जागा, 'सेत्तोरे ओस्पिती', तिचं तिकीट बहुतेक वेळा आदल्या दिवशीच बंद होतं. शिवाय तणावाच्या सामन्यांना प्रशासन बाहेरगावच्या चाहत्यांना बंदीही घालतं. बंदी नाही हे बघून मगच रेल्वेचं तिकीट काढा.

पाण्याच्या बाटलीचं टोपण गेटवर काढून घेतात. आधीच काढून खिशात टाकलेलं बरं, नाहीतर सांडतं.

पहिल्यांदा 'कुर्व्हा'त, म्हणजे गोलमागच्या वळणावर बसू नका. तिथे उभं राहावं लागतं, गाणी येत असली पाहिजेत आणि झेंड्यांमुळे अर्धं मैदान दिसत नाही. बाजूच्या 'दिस्तिन्ती'त बसा. दाल्लारात दिस्तिन्तींच्या पाठीशी माराथॉनचा विटांचा मनोरा आहे, १९२७च्या स्टेडियमच्या कमानींवर संध्याकाळचं ऊन पडतं आणि टेकडीवर सान लुकाचं चर्च दिसतं. २०१९च्या उन्हाळ्यात मिहायलोविचना रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं, तेव्हा इथले लोक त्यांच्यासाठी त्या टेकडीवर चालत गेले होते. ऑगस्टअखेर पहिल्या सामन्याला ते व्हेरोनात बेंचवर हजर होते. १६ डिसेंबर २०२२ला ते गेले. मी अजूनही सान लुकाच्या वाटेवरच्या मेलोन्चेल्लोच्या कमानीखालून स्टेडियमकडे वळते तेव्हा एकदा वर बघते.

जानेवारी ते एप्रिल

अर्ध्या फेऱ्या झाल्या की पहिल्या टीमला 'हिवाळी विजेता' म्हणतात. त्याला चषक नाही, काही नाही. जानेवारीचा बाजार मात्र नीट बघा, विशेषतः तळातला. बुडू लागलेली टीम कोणाला घेते यावरून तिला आपलं दुखणं कळलंय की नाही ते समजतं. गोल खाणाऱ्या टीमनं तिसरा स्ट्रायकर घेतला, की मी तिच्या नावाखाली रेघ मारते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपात खेळणाऱ्या टीमकडे लक्ष ठेवा. मंगळवार-बुधवारी चॅम्पियन्स लीग आणि रविवारी लीग, असं पायांत साठत जातं. तळातल्या टीमची त्यांच्याशी गाठ कधी पडते, बुधवारनंतर की मोकळ्या आठवड्यानंतर, हे वेळापत्रकात बघा.

आणि मधल्या टीमला विसरू नका. २० एप्रिल २०२५, ईस्टरचा रविवार. इंटर दाल्लारात आली होती. ०-० चाललं होतं, चार मिनिटं जादा वेळेची झाली होती. ऑर्सोलिनीनं हवेत झेपावून चेंडू मारला आणि जाळं हललं. अशा शेवटच्या मिनिटाच्या गोलांना इटलीत 'झोना चेझारिनी' म्हणतात, १३ डिसेंबर १९३१ला हंगेरीविरुद्ध शेवटच्या मिनिटाला गोल मारणाऱ्या रेनातो चेझारिनीवरून. माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसानं मागे वळून मला मिठी मारली आणि मग ओळख विचारली. बोलोन्या शेवटी नववी आली. पण इंटर एका गुणानं स्कुदेत्तोला मुकली. बरोबरी झाली असती तर इंटरचे ८२ झाले असते, नापोलीइतकेच, आणि जेतेपदासाठी स्पारेज्जो खेळावा लागला असता.

मे

शेवटच्या फेऱ्यांत ज्या टीमचं काही पणाला लागलेलं असतं, त्यांचे सामने एकाच वेळी लावतात, म्हणजे कोणी दुसऱ्याचा निकाल बघून खेळू नये. या दिवशी टीव्ही एका सामन्यावर ठेवा, कानात रेडिओ आणि मांडीवर वही. पान उभं दुभागून डावीकडे 'आत्ता आहेत ते गुण' लिहा आणि उजवीकडे 'आत्ता सामने संपले तर'. उजवीकडचा भाग पेन्सिलीनं आणि प्रत्येक गोलाला खोडून नवा.

१८ मे २०२५ची रात्र मी अशी लिहिली. सुरुवातीला नापोली ७८, इंटर ७७. नापोली पार्मात, इंटर घरी लात्सियोविरुद्ध. इंटरचा गोल: उजवीकडे इंटर ८०, नापोली ७९. पेद्रोनं बरोबरी केली: इंटर ७८, नापोली ७९. दुम्फ्रीसचा गोल, पुन्हा इंटर ८०. अकरा मिनिटं इंटर पहिली होती. नव्वदाव्या मिनिटाला पेद्रोची पेनल्टी, २-२. पुन्हा खोडलं. पार्मात ०-०च राहिलं. माझं पान तिथे फाटलंय, इतक्यांदा खोडलं.

नापोलीला रोखणारी ती पार्मा स्वतः तळात धडपडत होती. म्हणून शुक्रवारी जेतेपदाचा निकाल लागला, सगळ्यांनी टीव्ही बंद केला, तरी माझा हंगाम संपला नव्हता. रविवारी, २५ मेला, लेच्चे ३१, एम्पोली ३१, व्हेनेत्सिया २९. तिघीही धोक्यात होत्या. पार्मा आणि व्हेरोनाही अजून सुटलेल्या नव्हत्या. पाचही शहरं देव पाण्यात घालून बसलेली. लेच्चेला जायचं होतं लात्सियोच्या मैदानावर, रोममध्ये. कुलिबालीनं पहिल्या हाफच्या शेवटाला गोल मारला आणि लगेच लेच्चेचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. दुसरा अख्खा हाफ दहा जणांनी तो एक गोल राखला. पार्मा अतालान्ताविरुद्ध ०-२ वरून ३-२ जिंकली. एम्पोली व्हेरोनाकडून घरी १-२ हरली, व्हेनेत्सिया युव्हेंटसकडून २-३. रोममध्ये शिट्टी वाजली तेव्हा माझ्या लाल रकान्यात लेच्चेपुढे +३ होतं.

त्यानंतर लगेच वही मिटू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सेरी बेचा प्लेऑफ चालतो आणि वर येणारी तिसरी टीम तेव्हाच ठरते. २०२५ला क्रेमोनेसेनं स्पेत्सियात जाऊन ३-२नं ती जागा मिळवली, आणि दोन वर्षांपूर्वी स्पारेज्जो हरलेल्या स्पेत्सियाला पुन्हा खालीच राहावं लागलं. त्या रात्री मी उजव्या पानावरची एम्पोली, व्हेनेत्सिया आणि मोन्झा ही नावं खोडली. नवी वही काढली आणि तिच्या उजव्या पानावर पहिल्या तीन ओळी लिहिल्या: सासुओलो, पिसा, क्रेमोनेसे. पिसा १९९०-९१नंतर पहिल्यांदाच. बाकीच्या तीन ओळी ऑगस्टपर्यंत मोकळ्या ठेवल्या, पेन्सिलीसाठी.